चार्ल्स हेन्री लँड

चार्ल्स हेन्री लँड (इ.स. १८४७ – इ.स. १९२२) हे अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात व्यवसाय करणारे दंतवैद्य व संशोधक होते. संपूर्ण दात झाकणाऱ्या पोर्सेलीनच्या टोपीचे, म्हणजेच जॅकेट क्राउनचे, ते जनक मानले जातात. विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग हे त्यांच्या मुलीचे पुत्र होत.

कार्य

लँड यांचा जन्म कॅनडातील ऑन्टॅरियो प्रांतात झाला. त्या काळी किडलेल्या दातांसाठी सोन्याचा वापर होई. सोने टिकाऊ असले, तरी ते दातासारखे दिसत नसे. पोर्सेलीन दातासारखे दिसे, परंतु भाजताना आक्रसत असल्याने त्याचे माप बिघडे. लँड यांनी तासलेल्या दाताच्या आकारावर प्लॅटिनमचा अतिशय पातळ पत्रा घट्ट बसवला, त्यावर पोर्सेलीन चढवून ते भट्टीत भाजले आणि अखेरीस पत्रा काढून टाकला. १८८९ मध्ये त्यांना या टोपीचे पेटंट मिळाले.

मर्यादा व वारसा

ही टोपी ठिसूळ असल्याने दाढांवरील दाबाने तिला तडे जात. १९६५ मध्ये मॅक्लीन व ह्यूजेस यांनी ॲल्युमिना मिसळून पोर्सेलीन अधिक बळकट केले. आज कोल्हापूरसारख्या शहरांतही रुग्णांना झिर्कोनियाच्या टोप्या बसवल्या जातात. त्या संगणकनियंत्रित यंत्रावर अर्धवट भाजलेल्या ठोकळ्यातून कोरतात. पूर्ण भाजताना झिर्कोनिया सुमारे २० टक्के आक्रसते, म्हणून टोपी आधी तेवढी मोठी कोरावी लागते. साहित्य कितीही मजबूत असले, तरी टोपीची कड दाताशी नीट न जुळल्यास फटीत जंतू साचून आतील दात किडतो. त्यामुळे लँड यांनी हाताळलेला अचूक मापाचा प्रश्न आजही तितकाच महत्त्वाचा आहे.