औंधचे नमस्कारव्रती राजे

सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, यमाई देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी औंध वसले आहे. पाऊस बेताचा, जमीन हलकी, आणि दुष्काळ तर जणू पिढीजात पाहुणा. मराठेशाहीतील पंतप्रतिनिधींचे हे संस्थान एकसंधही नव्हते. राजधानी साताऱ्याच्या मुलखात, तर आटपाडी आणि कुंडल हे भाग आजच्या सांगली जिल्ह्यात, आणि एक तुकडा थेट विजापूरकडे. सगळी मिळून 72 गावे. अशा चिमुकल्या संस्थानाच्या अधिपतीने व्यायामाच्या एका प्रकाराला घराघरांत, शाळाशाळांत आणि अखेरीस सातासमुद्रापलीकडे पोहोचवले. श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे त्यांचे नाव. आज सूर्यनमस्कार घालणाऱ्या असंख्य लोकांपैकी फारच थोड्यांना ते ठाऊक असते.

भवानरावांचा जन्म 24 ऑक्टोबर 1868 चा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले आणि ते बी. ए. झाले. संस्थानिकांच्या मुलांमध्ये त्या काळी ही गोष्ट दुर्मीळच होती. चित्रकलेचा नाद लहानपणापासूनचा, कीर्तनाची आवड त्याहूनही मुरलेली. पुढे राजे झाल्यावरही ते स्वतः कीर्तनाला उभे राहत. गादी मात्र त्यांना सहजासहजी लाभली नाही. मधल्या काळात ती पुतण्याकडे होती आणि 1909 मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, भवानराव औंधचे अधिपती झाले. त्यांच्या आरोग्यविचाराची पायाभरणी याच्या आधीच झालेली होती, आणि ती झाली मोठ्या गमतीशीर वळणाने.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत शरीरसंवर्धनाची लाटच उसळली होती. प्रशियात जन्मलेला आणि लंडनमध्ये नावारूपाला आलेला युजीन सँडो हा त्या लाटेचा नायक. संगमरवरी पुतळ्यासारखे त्याचे देहसौष्ठव, त्याची डंबेल्स, त्याची पुस्तके यांची मोहिनी हिंदुस्थानातल्या सुशिक्षितांवरही पडली. भवानरावांनी 1897 च्या सुमारास सँडोची साधने आणि पुस्तके मागवली व जवळजवळ दहा वर्षे त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. त्याचा त्यांना लाभही झाला. पण डंबेल्सने दंड भरतात, छाती रुंदावते. श्वास, पचन, मनाची स्थिरता यांचे काय, हा प्रश्न उरतोच. शिवाय ही साधने विकत घ्यायची तर गाठीला पैसा हवा. औंधच्या शेतकऱ्याच्या पोराने तो कोठून आणायचा?

याचे उत्तर त्यांना मिरजेहून मिळाले. मिरज थोरली पातीचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन हे नित्यनेमाने सूर्यनमस्कार घालत. तेही बाळासाहेबच. मिरजेच्या या बाळासाहेबांच्या आग्रहावरून औंधच्या बाळासाहेबांनी 1908 साली सँडोची साधने बाजूला ठेवून नमस्कारांचे व्रत घेतले. पुढची चाळीसहून अधिक वर्षे ते त्यांनी पाळले. सांगलीच्या मुलखातून साताऱ्याच्या मुलखात गेलेला हा नमस्कारांचा वारसा महाराष्ट्राच्या आरोग्याच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना मानावी लागेल. तिची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते.

नमस्कार हे काही भवानरावांनी शोधून काढलेले नव्हते, आणि तसा दावाही त्यांनी केला नाही. सूर्याला नमस्कार घालण्याची उपासना घरोघरी होती. वैदिक मंडळींत तृचाकल्प नमस्कारांची परंपरा होती. सज्जनगडाच्या परिसरात समर्थ रामदासांच्या नमस्कारांची आख्यायिका सांगितली जाई. तालमीतले पैलवान जोर मारत, त्यांची ठेवणही याच्या जवळपासची. भवानरावांनी केले ते असे, की देवघरातील उपासना आणि आखाड्यातील मेहनत एकत्र आणली, तिचे दहा टप्पे ठरवले, प्रत्येक टप्प्याला श्वास घेणे, रोखणे आणि सोडणे यांची जोड दिली आणि ते सगळे कोणालाही समजेल अशा भाषेत, चित्रांसह मांडले. हात एकदा भुईवर टेकले की उठेपर्यंत हलवायचे नाहीत, गुडघे अमुक ठिकाणी टेकले पाहिजेत, साष्टांगाच्या वेळी कपाळ आणि छाती भुईला लागली तरी पोट लागता कामा नये, असल्या बारकाव्यांवर त्यांचा कटाक्ष असे. चित्रकाराची नजर येथे कामी आली असावी.

या व्यायामात पाठीचा कणा पुढे वाकतो, मागे वाकतो, ताणला जातो आणि पुन्हा सरळ होतो. सर्व आरोग्याचे मूळ कण्यात पाहणारा विचार त्याच सुमारास अमेरिकेतही जन्माला येत होता. आयोवा प्रांतातील डॅव्हेनपोर्ट येथे डॅनियल डेव्हिड पामर यांनी 1895 मध्ये मणके हातांनी दाबून उपचार करण्याची कायरोप्रॅक्टिक पद्धत सुरू केली. शरीरात एक उपजत शक्ती वाहते आणि कण्यातील अडथळा दूर केला की ती मोकळी होते, अशी पामर यांची धारणा होती. औंध आणि डॅव्हेनपोर्ट यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता, पण शरीर आणि त्यातील चैतन्य यांचा एकत्र विचार करण्याची ओढ दोन्हीकडे सारखी दिसते. फरक एवढाच, की तेथे रोगी पालथा झोपतो आणि दुसऱ्याचे हात काम करतात. औंधच्या पद्धतीत दुसऱ्या कोणाचे हात लागत नाहीत. वैद्य नको, साधन नको, पैसा नको. अंगाएवढी जागा आणि पहाटेचा थोडा वेळ पुरे. दुष्काळी मुलखाच्या राजाला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली, यात नवल नाही.

भवानरावांच्या विचारातला दुसरा भाग मंत्रांचा. प्रत्येक नमस्काराबरोबर ॐकार, ह्रां, ह्रीं, ह्रूं यांसारखी बीजाक्षरे आणि मित्र, रवी, सूर्य, भानू ही सूर्याची नावे उच्चारायची. ती केवळ भक्तीसाठी नव्हेत. एकेका बीजाक्षराच्या उच्चाराने शरीरात कंप निर्माण होतो आणि त्याचा छाती, कंठ, पोटातील इंद्रिये अशा निरनिराळ्या भागांवर परिणाम होतो, अशी त्यांची मांडणी होती. अमुक अक्षराने अमुक इंद्रिय सुधारते, हे काही वैद्यकशास्त्राने मान्य केलेले नाही. दीर्घ उच्चाराने श्वास लांबतो, लय सापडते, मन एका जागी राहते, एवढे कोणीही अनुभवाने सांगेल. भवानरावांचा विश्वास मात्र त्याच्या पुष्कळ पुढे गेलेला होता. नियमित नमस्कारांनी बहुतेक रोग दूर राहतात, वार्धक्य लांबते, असे ते हिरिरीने सांगत. आहाराविषयीही त्यांची मते ठाम होती. हातसडीचा तांदूळ, कोंड्यासकट पीठ, कच्च्या भाज्या, दूध यांचा ते पुरस्कार करत आणि चहा-तंबाखूला विरोध. नमस्कार, मंत्र आणि आहार ही त्यांच्या लेखी तीन वेगळी प्रकरणे नव्हतीच.

राजवाड्यात राणीसाहेब, राजपुत्र, राजकन्या सारेच नमस्कार घालू लागले. बायकांनी व्यायाम करावा, हे म्हणणेच 1920 च्या दशकात अनेकांना चमत्कारिक वाटत होते. भवानरावांनी तर आपल्या घरातील स्त्रियांचा दाखला पुढे केला. संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. आटपाडीपासून कुंडलपर्यंतची पोरे सकाळी ओळीने उभी राहून दहा अंकांवर वाकू लागली. त्यांनी पुस्तके लिहिली, ती संस्थानच्या छापखान्यात छापली, व्याख्याने दिली, इतकेच काय, नमस्कारांचे चलच्चित्रही तयार करवून घेतले. वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी औंधला स्वाध्याय मंडळ उभारले होते. त्यांनीही आसने आणि व्यायाम यांवर विपुल लेखन केले. पंडितजी मुळात चित्रकार, राजेही चित्रकार. दोघांची मैत्री औंधच्या त्या काळाला शोभणारीच होती.

एवढ्या प्रचारावर टीका आणि थट्टा होणारच. 1933 मध्ये आचार्य अत्र्यांनी ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक रंगभूमीवर आणले आणि नमस्कारांनी जगातील सर्व दुखणी बरी होतात असे मानणाऱ्या रावबहादूरांना पाहून महाराष्ट्र खदखदून हसला. एखाद्या व्यायामाची विडंबननाट्य लिहिण्याइतकी चलती व्हावी, हीच त्याच्या प्रसाराची पावती म्हणायची. पण अत्र्यांनी नेमके कोठे बोट ठेवले होते, तेही पाहिले पाहिजे. एका औषधाने सगळे रोग बरे होतात, असे म्हटले की ते औषध हास्यास्पद ठरते. भवानरावांच्या पद्धतीतला सर्वांत कच्चा दुवा तो हाच. आज डॉक्टर कण्यातील चकतीचा विकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांना नमस्कार घालण्यापूर्वी सल्ला घ्यायला सांगतात. संस्थानच्या शाळेतील सरसकट सक्तीत असल्या भेदांना जागा नव्हती.

थट्टेने राजे डगमगले नाहीत. 1936 मध्ये ते इंग्लंडला गेले तेव्हा वयाची सदुसष्टी उलटली होती. ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकाच्या पत्रकार लुईझ मॉर्गन यांनी त्यांची भेट घेतली. त्या वयातील त्यांचा ताठ बांधा आणि उत्साह मॉर्गनबाईंच्या मनात भरला. त्यांच्या लेखांना वाचकांचा मोठा प्रतिसाद मिळाला आणि त्यातूनच 1938 मध्ये लंडनच्या डेंट या प्रकाशनसंस्थेने राजेसाहेबांचे ‘दि टेन पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक मॉर्गन यांच्या संपादनाने प्रसिद्ध केले. सँडोची पुस्तके ज्या लंडनहून औंधला आली होती, त्याच लंडनमध्ये चाळीस वर्षांनी औंधचे पुस्तक छापले गेले.

राजेसाहेबांचे इतर कार्य सांगायचे तर स्वतंत्र लेख हवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा देऊन 1910 मध्ये किर्लोस्करवाडीचा पाया घालायला त्यांनी हातभार लावला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेला लाख रुपये देऊ केले. ‘चित्र रामायण’ सजवले, 1935 मध्ये इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले आणि 1938 मध्ये डोंगरावर भवानी संग्रहालय उभारले.

एक गोष्ट मात्र नमस्कारांच्या संदर्भातच सांगायला हवी. सक्तीने नमस्कार घालायला लावणाऱ्या या राजाने 1938 साली वाढदिवसाच्या निमित्ताने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवण्याचा मनोदय जाहीर केला. विलायतेहून परतलेले राजपुत्र आप्पासाहेब आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांचा त्यात मोठा वाटा होता. महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने घटना तयार झाली आणि 21 जानेवारी 1939 रोजी औंधमध्ये ग्रामपंचायतींवर उभारलेले स्वराज्य आले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत याच प्रयोगातून निघाली. ‘दो आँखें बारह हाथ’ या 1957 च्या चित्रपटामागची प्रेरणा ती हीच. पुढे बेचाळीसच्या आंदोलनानंतर साताऱ्याचे प्रतिसरकार उभे राहिले, तेव्हा औंध संस्थानातील कुंडल हे त्याचे प्रमुख ठाणे झाले. सत्तरीत आलेल्या माणसाने हातातली सत्ता आपण होऊन सोडणे सोपे नसते. आयुष्यभर रोज पहाटे कपाळ भुईला टेकवण्याच्या सवयीचा त्याच्याशी काही संबंध होता की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

8 मार्च 1948 रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीच्या त्या वर्षात सातवळेकरांनीही औंध सोडले आणि स्वाध्याय मंडळ गुजरातेत पारडीला नेले. भवानराव 13 एप्रिल 1951 रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी निवर्तले.

त्यांचे नमस्कार मात्र चालत राहिले, थोडे बदलून. म्हैसूरच्या राजवाड्यात 1930 च्या दशकात सूर्यनमस्कार आणि योगासने यांचे वर्ग वेगवेगळे भरत; पुढे दोन्ही एकमेकांत मिसळली आणि योगाच्या नावाने जगभर गेली. नमस्कार हे योगाचे प्राचीन अंगच आहे, असा समज त्यातून रूढ झाला. योगाच्या इतिहासाचे आजचे अभ्यासक तो मान्य करत नाहीत आणि औंधच्या राजेसाहेबांचे नाव आवर्जून घेतात. भवानरावांचे दहा टप्पे आज बहुतेक ठिकाणी बारा झाले आहेत. म्हैसूरकडून आलेल्या प्रकारात साष्टांगाची जागा जोर मारताना घेतात तशा स्थितीने घेतली आहे, आणि परदेशांतल्या वर्गांतून बीजाक्षरे बहुधा गळून पडली आहेत. आप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी राहिले. नमस्कारांचा नेम त्यांनी सोडला नाही, आणि 1970 मध्ये वडिलांच्या या व्यायामावर इंग्रजीत स्वतःचे पुस्तक लिहिले.