जेम्स आउट्रम

सर जेम्स आउट्रम (जन्म : बटर्ली, डर्बीशायर, इंग्लंड, २९ जानेवारी १८०३, मृत्यू : पो, फ्रान्स, ११ मार्च १८६३) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी होता. १८५७च्या उठावातील लखनौच्या लढायांमुळे तो इतिहासात प्रसिद्ध आहे. खानदेशात मात्र त्याचे नाव धरणगावची भिल्ल पलटण आणि सातपुड्यातील वाघांची शिकार यांच्याशी जोडलेले आहे.

पूर्वायुष्य

वडील बेंजामिन आउट्रम हे स्थापत्य अभियंते होते. १८०५ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर आई मार्गारेट मुलांना घेऊन स्कॉटलंडला गेली. जेम्सचे शिक्षण ॲबर्डीन परिसरात झाले. १८१९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो छात्र म्हणून मुंबईस आला. शरीराने तो किरकोळ होता.

खानदेशातील कार्य

पेशवाईच्या अखेरीस, १८१८ मध्ये, खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. त्याआधीच्या लुटालुटीने व १८०३-०४च्या दुष्काळाने गावे ओस पडली होती आणि शेतजमिनींवर रान माजले होते. वाघांचा वावर डोंगरांपुरता उरला नव्हता. १८२२ या एका वर्षात हिंस्र श्वापदांनी ५०० माणसे आणि २०,००० गुरे मारल्याची नोंद आहे. गावरखवालीचे व घाटवाटांचे परंपरागत हक्क बुडाल्याने भिल्लांनी सातपुडा, सातमाळा आणि डांगच्या डोंगरांतून लूटमार चालविली होती. कंपनीने प्रथम फौजा पाठविल्या. म्होरके पकडले गेले, तरी बंड शमले नाही.

तेव्हा मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने भिल्लांचीच पलटण उभारण्याचे ठरविले. १८२५ मध्ये हे काम आउट्रमकडे आले. भरतीला प्रथम कोणी पुढे येईना. हा आपल्याला एकत्र आणून मारण्याचा डाव आहे, असे भिल्लांना वाटे. आधीच्या राजवटीत तसे घडलेही होते, त्यामुळे ही भीती निराधार म्हणता येत नाही. आउट्रम शस्त्राविना त्यांच्या वस्त्यांवर जाऊन राहू लागला आणि त्यांच्याबरोबर शिकारीला जाऊ लागला.

या शिकारींत वाटाड्या भिल्लच असे. पावलांच्या ठशांवरून माग काढणे, उन्हाळ्यात पाणी कोठे उरते व वाघ कोणत्या नाल्यात विसावतो हे सांगणे, हाका करून त्याला बाहेर काढणे ही कामे त्याच्याकडे असत. आउट्रम बहुधा पायीच जाई, आणि धोका दोघांना सारखाच असे. एकदा निवडुंगाच्या दाट जाळीत वाघ दडला होता. भिल्लांनी आपली पागोटी एकत्र बांधून आउट्रमला झाडाच्या फांदीवरून खाली सोडले आणि त्याने लोंबकळत असतानाच नेम साधला, अशी हकिकत त्याच्या चरित्रात आढळते. १८२५ ते १८३४ या काळात त्याने व त्याच्या सोबत्यांनी खानदेशात दीडशेहून अधिक वाघ मारले. अस्वले व बिबटे वेगळेच.

या सहवासातून पलटण वाढली व तिचे ठाणे धरणगाव (आताचा जळगाव जिल्हा) येथे झाले. पलटण मालेगावच्या छावणीत गेली असता आउट्रमच्या जुन्या रेजिमेंटमधील उच्चवर्णीय शिपायांनी भिल्लांना पानसुपारी देऊन स्वागत केले. भिल्लांच्या मनातील संशय दूर होण्यास त्याचीही मदत झाली.

या यशाला दुसरी बाजू आहे. १८३० मध्ये हीच पलटण डांगच्या भिल्ल राजांवर चालून गेली, तर पुढच्या वर्षी यावल व सावदा भागातील दरोड्यांच्या तपासात तिचा उपयोग झाला. रानाची माहिती असलेला माणूस सरकारच्या बाजूला आल्यावर रानात लपणे कठीण झाले. वाघांच्या बाबतीतही तसेच घडले. शिकार व शेतीचा विस्तार यांमुळे खानदेशच्या सपाट भागातून वाघ नाहीसा झाला. सातपुड्यातील उरलेल्या वनाचा एक भाग १९६९ मध्ये यावल अभयारण्य म्हणून राखीव झाला.

उत्तरायुष्य

१८३५ मध्ये आउट्रमची बदली गुजरातेत महीकांठा येथे झाली. पहिल्या अफगाण युद्धात त्याने दोस्त महंमदाचा पाठलाग हिंदुकुश ओलांडून बामियानपर्यंत केला. सिंध खालसा करण्यास त्याचा विरोध होता, आणि त्या मोहिमेतील लुटीचा वाटा त्याने स्वतःसाठी ठेवला नाही. १८४५ मध्ये तो साताऱ्याचा व पुढे बडोद्याचा रेसिडेंट झाला. बडोद्यातील लाचखोरी उघड केल्याने मुंबई सरकारची त्याच्यावर इतराजी झाली. मात्र १८५६ मध्ये अवध खालसा करण्याची कार्यवाही त्याच्याच हातून झाली. इराणच्या मोहिमेनंतर सप्टेंबर १८५७ मध्ये लखनौवर चाल करताना त्याने, स्वतः वरिष्ठ असूनही, सेनापतिपद हॅवलॉककडेच राहू दिले. १८६० मध्ये प्रकृती ढासळल्याने तो मायदेशी परतला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले.

आउट्रम गेल्यानंतर खानदेशातील काही भिल्लांना त्याच्या चेहऱ्याशी मिळतीजुळती वाटणारी एक लहानशी मूर्ती सापडली आणि ‘आउट्रम साहेब’ म्हणून ते तिची पूजा करीत, अशी आख्यायिका आहे.