कै. डॉ. शिवाजीराव पटवर्धन

ज्या वैद्याने आपले दुखणे बरे केले त्याचे उपकार मनुष्य सहसा विसरत नाही. ताप उतरला म्हणजे रोगी वैद्यापुढे श्रीफळ ठेवतो, नमस्कार करतो आणि आपल्या उद्योगास लागतो. परंतु ज्याची जखम वर्षानुवर्षे वाहत राहिली व तिच्यापायी ज्याला घरादाराने दूर लोटले, त्याने आपली कृतज्ञता कशी व्यक्त करावी? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आम्हां मालेगावकरांना वऱ्हाडाबाहेर जावयास नको. ते अमरावतीच्या तपोवनात सापडते.

तपोवनाचे संस्थापक डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांचा जन्म १८९२ साली झाला. लोक त्यांना आदराने दाजीसाहेब म्हणत. होमिओपॅथीचे शिक्षण घेऊन त्यांनी अमरावतीस व्यवसाय आरंभिला. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी कारावासही सोसला. पुढे लौकिक व स्वास्थ्य ह्यांचा उपभोग घेत त्यांनी उरलेले आयुष्य घालविले असते, तरी कोणी नाव ठेविले नसते. परंतु पन्नाशी उलटल्यावर, १९४६ साली, त्यांनी विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापिले, आणि ज्यांच्या सावलीलाही लोक भीत, त्यांचा संसार आपल्या शिरावर घेतला.

विद्यार्थिमित्रहो, ह्या रोगाचे स्वरूप आपण नीट समजून घेतले पाहिजे. त्याचे जंतू हॅन्सेन नामक नॉर्वेजियन वैद्याने १८७३ साली शोधून काढले. ते त्वचेवर व मज्जातंतूंवर हल्ला करितात, आणि हातापायांची संवेदना हळूहळू नाहीशी होते. पायात काटा रुतला तरी कळत नाही; तापलेले भांडे धरिले तरी हात मागे येत नाही. वेदना हा शरीराचा पहारेकरीच होय. तो निजला म्हणजे मनुष्य जखमी पायाने चालतच राहतो व जखम कधी भरत नाही. ती रोज धुणे, पाय पाण्यात भिजविणे, स्वच्छ पट्टी बांधणे आणि पायास विश्रांती देणे, हे काम महिनेच्या महिने करावे लागते. ह्या शुश्रूषेस औषधाइतकीच चिकाटी लागते आणि किळस तर समूळ टाकावी लागते.

तथापि जखम भरली म्हणून घराचे दार उघडतेच असे नाही. दाजीसाहेबांच्या कार्याचे मर्म येथेच आहे. रोग्याला केवळ दया दिली तर तो जन्मभर पांगळा राहील, हे ओळखून त्यांनी त्याच्या हाती काम दिले. तपोवनात हातमाग चालले, सुतारकाम झाले, शेती पिकली. ज्याची बोटे झडली होती आणि ज्याला जगाने ओझे मानिले होते, तोच दुसऱ्याच्या उपयोगी पडू लागला. श्रीफळ देण्याची ऐपत नसलेल्या त्या रोग्याने आपल्या श्रमाने उपकारांची फेड केली. आमच्या मते वैद्याला ह्याहून मोठी दक्षिणा कोणती असणार?

सरकारने १९५९ साली दाजीसाहेबांना पद्मश्री देऊन गौरविले. १९८६ साली त्यांचे देहावसान झाले.

आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली. तिने रोगी सहा महिन्यांत ते वर्षभरात रोगमुक्त होतो. तो आनुवंशिक नाही. बहुतेकांचे शरीर त्याचा प्रतिकार करिते, आणि नुसत्या स्पर्शाने तो जडत नाही. तरी समाजाची जखम उशिरा भरते. महारोग्यांना वेगळे ठेवणारा १८९८चा कायदा २०१६ साली रद्द झाला. आणि ह्या रोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची कायद्यातील तरतूद काढावयास २०१९ साल उजाडावे लागले.

रोग्यांनी आपली कृतज्ञता श्रमाने दाखविली. आता पाळी आमची आहे. बरा होऊन गावी परतलेला मनुष्य आमच्या ओसरीवर आला, तर त्याला बसावयास घोंगडी अंथरणे आणि आपल्याच भांड्यातून पाणी देणे, एवढे जरी आम्हांस साधले, तरी दाजीसाहेबांचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.