सावित्रीबाई आणि प्लेग
सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. त्यांनी पुण्यात मुलींना शिकवलं, हे तुम्हाला माहीत आहेच. मी पुढचं सांगते.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. घरात उंदीर मरून पडले की लोक घर सोडून झोपड्यांत राहत. सावित्रीबाईंचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्यानं गावाबाहेर दवाखाना काढला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथं आणलं. मग त्यांनाच प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.

उंदराच्या पिसवांमुळं प्लेग होतो, हे तेव्हा लोकांना ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे. म्हणून मी रोज घर झाडते, खरकटं लांब टाकते आणि धान्य झाकून ठेवते. तुम्हीही ठेवा.