कठडा नसलेली होडी

'लाइफलाइन' म्हटलं की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या माणसाला एकच गोष्ट आठवते : लोकल. वर्तमानपत्रांनी तिला हे नाव देऊन इतकी वर्षं झाली की हा शब्द मुळात समुद्रावरचा आहे, हे कुणाच्या ध्यानातही राहिलेलं नाही. शिडाच्या होडीच्या डेकच्या कडेने उभे दांडे रोवलेले असतात. त्यांतून तारेचे दोर पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत ताणून ओवलेले असतात. तीच लाइफलाइन. गच्चीला जसा कठडा, तशी होडीला ही.

टी.ई.ला सेमिनारसाठी मी 'वायर रोप' हा विषय घेतला होता. क्रेन, लिफ्ट, पूल असं सगळं वाचून झालं आणि शेवटी होडीवरच्या दोरांपाशी पोचलो. तिथे मला एक माणूस भेटला, म्हणजे पुस्तकात भेटला. नाव एरिक ताबार्ली. फ्रान्समध्ये हे नाव माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण. आपल्याकडे मात्र ते फारसं कुणी ऐकलेलं नसतं. सेमिनार झाला, मार्कही मिळाले, पण हा माणूस काही डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

ताबार्लीचा जन्म जुलै 1931 चा, फ्रान्समधल्या नान्त शहरातला. तो 7 वर्षांचा असताना, 1938 साली, वडिलांनी एक जुनी शिडाची होडी विकत घेतली. तिचं नाव 'पेन ड्युइक'. ब्रेतॉन भाषेत त्याचा अर्थ काळ्या डोक्याचा चिमुकला पक्षी. विल्यम फाइफ या स्कॉटिश डिझायनरने आखलेली आणि 1898 साली बांधलेली ही सुमारे 15 मीटर लांबीची होडी. एरिक हिच्यावरच शिडं ओढायला शिकला.

मग दुसरं महायुद्ध आलं. होडी किनाऱ्यावर पडून राहिली आणि लाकूड कुजायला लागलं. वडिलांनी विकायला काढली, पण गिऱ्हाईक मिळेना. शेवटी मुलाने ती आपल्याकडे मागून घेतली. पुढे तो नौदलात वैमानिक झाला, इंडोचायनात जाऊन आला. पगारातून पैसे बाजूला टाकत होता. जाणकारांचं म्हणणं पडलं की फळ्या कामातून गेल्यात, हिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

इथे खरं इंजिनिअरिंग सुरू होतं. ताबार्लीने ठरवलं, कुजलेली होडी टाकायची नाही, तिचाच साचा करायचा! 1958 साली त्याने जुन्या लाकडी अंगावर बाहेरून काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिनचे थर चढवले. ते कडक झाल्यावर आतलं कुजकं लाकूड काढून टाकलं. आकार फाइफचा, तसूभरही न बदललेला, आणि मटेरियल एकदम नवं. फायबरग्लास तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होतं, एवढ्या मोठ्या होडीवर हा प्रयोग करणं धाडसाचंच होतं. ती होडी अजूनही पाण्यावर आहे. 2016 साली फ्रान्सने तिला ऐतिहासिक वारशाचा दर्जाही दिला.

यानंतर ताबार्ली थांबलाच नाही. 1964 साली इंग्लंडमधल्या प्लिमथपासून अमेरिकेतल्या न्यूपोर्टपर्यंत एकट्याने अटलांटिक ओलांडायची शर्यत होती. 1960 ची पहिली शर्यत जिंकणारा इंग्रज फ्रान्सिस चिचेस्टरही तीत उतरला होता. ताबार्लीने तिच्यासाठी प्लायवूडची 'पेन ड्युइक 2' खास बांधून घेतली. वाऱ्यावर आपोआप चालणारं सुकाणू वाटेत बिघडलं. तुकड्या-तुकड्यांनी झोप काढत, शिडं सांभाळत त्याने 27 दिवस 3 तास 56 मिनिटांत शर्यत जिंकली. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी त्याला लेजिऑन ऑफ ऑनर दिला. 1976 साली तीच शर्यत त्याने पुन्हा जिंकली, आणि तीही 73 फुटी 'पेन ड्युइक 6' घेऊन. ही होडी डझनभर खलाशांच्या हिशेबाने बांधलेली, आणि हा वर एकटा! 1980 साली अटलांटिक ओलांडण्याचा 1905 पासून अबाधित असलेला विक्रम त्याने मोडला, 10 दिवस 5 तासांत. त्या होडीला पाण्यातून वर उचलणारे पंख होते, म्हणजे हायड्रोफॉइल. आजच्या शर्यतींच्या होड्या अक्षरशः पाण्यावर उडतात. त्या वाटेवरच्या पहिल्या काही पावलांत ताबार्लीचं पाऊल आहे.

अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायमरान, वजन इकडून तिकडे हलवण्यासाठी पाण्याच्या टाक्या, जड धातू म्हणून कीलमध्ये चक्क युरेनियम... नवं काही दिसलं की हा माणूस ते होडीवर लावून बघणार. पण एका बाबतीत तो जुन्या वळणाचा होता. कमरेला हार्नेस बांधून होडीशी जोडून घेणं त्याला पसंत नव्हतं, आणि त्यासाठी तो प्रसिद्धही होता. त्याच्या लाडक्या पहिल्या 'पेन ड्युइक'च्या डेकला लाइफलाइन नव्हती. 1898 साली तशी पद्धत नव्हती आणि जुनी होडी मूळ रूपात ठेवायची तर कडा मोकळीच राहणार.

1998 साली 'पेन ड्युइक'ची शंभरी साजरी झाली. त्यानंतर फाइफच्या होड्यांच्या मेळाव्यासाठी ताबार्ली चार सोबत्यांना घेऊन स्कॉटलंडकडे निघाला. 12 आणि 13 जूनच्या मधल्या रात्री, वेल्सजवळच्या आयरिश समुद्रात वारा वाढला. मोठं शीड उतरवून लहान शीड चढवायचं काम चाललं होतं. शिडाच्या वरच्या कडेला असणारा जड वासा होडीच्या हेलकाव्याबरोबर फिरला आणि त्याने ताबार्लीला पाण्यात भिरकावलं. अंगात लाइफ जॅकेट नाही, कमरेला दोर नाही. सोबत्यांनी काळोखात खूप शोधलं, पण तो सापडला नाही. सुमारे पाच आठवड्यांनी एका मच्छीमार बोटीच्या जाळ्यात त्याचा मृतदेह मिळाला. तो 66 वर्षांचा होता.

आपल्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीची ही गोष्ट. वाचताना पहिला प्रश्न पडतो की लाइफलाइन असती तर तो वाचला असता का? गणित करून बघा. मोठ्या होड्यांच्या सागरी शर्यतींच्या नियमात वरच्या तारेची किमान उंची 60 सेंटिमीटर. 170 सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण 94 सेंटिमीटरवर असतो. म्हणजे उभ्या माणसाला जोराचा धक्का बसला तर तार मांडीला लागून तो वरून उलटू शकतो. नुसत्या कठड्यावर भागत नाही ते यामुळेच. म्हणून डेकवर लांबीने एक मजबूत पट्टा बांधतात, त्याला जॅकलाइन म्हणतात. हार्नेसचा छोटा दोर तिच्यात अडकवायचा, म्हणजे माणूस चालू शकतो पण होडीपासून सुटत नाही. तोल जाताना हाताला काहीतरी लागावं म्हणून लाइफलाइन आणि तरीही गेलाच तर हार्नेस. हार्नेस असता तर ताबार्ली निदान होडीला धरून राहिला असता.

दुसरा प्रश्न आपल्या ब्रँचचा. ही तार टिकते किती? पूर्वी स्टेनलेसच्या तारेवर पांढरं प्लास्टिकचं आवरण घालायचे. दिसायला छान, हाताला मऊ. पण स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. आवरणाखाली खारं पाणी साचलं, हवा मिळेना, की तार आतून खायला सुरुवात होते. वरून सगळं चकाचक! म्हणून शर्यतींच्या नियमांनी आवरण असलेली तार बाद केली. उघड्या तारेवरून सुती फडकं फिरवायचं. कुठे धागा अडकला तर तिथे एक तंतू तुटलाय, तार बदला. टोकाला जिथे फिटिंग दाबून बसवलेलं असतं तिथे तांबूस डाग किंवा चीर दिसते का बघायचं. दांड्यांचे पाये हलवून बघायचे. दोन दांड्यांच्या मध्ये वरच्या तारेला सुमारे 5 किलोचा जोर लावला तर ती 5 सेंटिमीटरपेक्षा जास्त वाकता कामा नये. आता बरेच जण स्टीलऐवजी डायनिमाचा दोर लावतात. तो हलका, गंजाची भानगड नाही. पण उन्हाने आणि घासण्याने तोही झिजतो. म्हणून दांड्याचं भोक आधी गुळगुळीत करायचं, मग दोर ओवायचा. अपग्रेड केलं म्हणजे तपासणी संपली असं होत नाही.

हे सगळं फ्रान्सचं म्हणून सोडून देऊ नका. 2009-10 साली कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून निघून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. ते करणारे पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली. असल्या प्रवासात माणूस पाण्यात पडला तर होडी वळवून आणायला मागे कुणीच नसतं. तिथे तार आणि हार्नेस हाच दुसरा खलाशी.

आणि आपल्या इथे? अंबरनाथच्या एमआयडीसीत इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलो तेव्हा उंचावर काम करणाऱ्यांच्या अंगावर हार्नेस होता. एकाच्या हार्नेसचा दोर मात्र कशालाच अडकवलेला नव्हता. काम पटकन होतं म्हणे. गर्दीच्या लोकलच्या दारात लटकणाराही मनगटाच्या जोरावरच उभा असतो. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी खाली पडले, काही जण गेले. ते बेफिकीर होते असं मला म्हणायचं नाही. आत जागाच नसेल तर माणूस करणार काय? त्यानंतर बिगर-एसी लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवण्याची घोषणा झाली. ताबार्लीकडे मात्र पर्याय होता. आयुष्यभर समुद्र पचवल्यावर आपला तोल कधी जाणार नाही, असा भरवसा माणसाला वाटायला लागतो.

मित्रांनो, वर्षा-दोन वर्षांत आपण कुठल्या ना कुठल्या प्लँटवर लागू. मशीन अपग्रेड करायला बजेट मिळेल, कौतुकही होईल. कठड्याची तार बदलली म्हणून टाळ्या कुणी वाजवणार नाही. तरी आठवड्यातून एकदा तिच्यावरून फडकं फिरवा. आणि दोर बांधला असेल, तर त्याचं दुसरं टोक कुठे अडकवलंय ते एकदा बघून घ्या.