विश्लेषण : एस्प्रेसोला वाफेपासून सोडवणारे अकिले गाज्जा कोण होते? घरचे यंत्र घेताना त्यांची आठवण का?

घरी एस्प्रेसो करण्यासाठी परवडणारे यंत्र शोधू लागले की ‘गाज्जा’ हे नाव हमखास समोर येते. पाठोपाठ ‘पीआयडी’ म्हणजे तापमान नियंत्रणाची चर्चा सुरू होते. हे नाव ज्यांचे, त्या मिलानच्या कॉफीविक्रेत्याने एस्प्रेसोचे अर्धे कोडे सोडवले. उरलेले अर्धे आजही ग्राहकाच्या खिशाशी निगडित आहे.

अकिले गाज्जा कोण होते?

गाज्जा यांचा जन्म १८९५ मध्ये इटलीतील मिलान येथे झाला. शहरातील व्हियाले प्रेमुदा या रस्त्यावर त्यांचा ‘अकिले’ नावाचा बार होता. इटलीत बार म्हणजे केवळ मद्यालय नव्हे. सकाळी कामावर जाताना उभ्याउभ्या कॉफी घेण्याचीही ती जागा असते. त्या काळी बारमध्ये मिळणारी कॉफी झटपट होत असे, पण तिला करपट, कडू चव असे. हा दोष कसा घालवायचा, हा गाज्जा यांच्यापुढचा प्रश्न होता.

वाफेच्या यंत्रात दोष काय होता?

तुरीनच्या अँजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये, तर मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफी यंत्रांचे पेटंट घेतले. या प्रकारच्या यंत्रात बॉयलरमधील वाफ पाण्याला कॉफीच्या पुडीतून ढकलते. मात्र दाब मिळतो जेमतेम दीड बार. तो वाढवायचा तर पाणी आणखी तापवावे लागते आणि पाणी जास्त तापले की कॉफी करपते. थोडक्यात, दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले होते. ही गाठ सोडवल्याशिवाय चव सुधारणे शक्य नव्हते.

गाज्जा यांनी काय बदलले?

क्रेमोनेसे नावाच्या तंत्रज्ञाने दट्ट्याच्या साहाय्याने पाणी ढकलण्याची कल्पना मांडली होती. त्यांच्या निधनानंतर पत्नी रोझेटा स्कोर्झा यांच्याकडून गाज्जा यांनी तिचे हक्क घेतल्याचे सांगितले जाते. १९३८ मध्ये गाज्जा यांनी वाफेविना चालणाऱ्या उपकरणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पण दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि काम रखडले.

युद्धानंतर, १९४७ मध्ये त्यांनी स्प्रिंग आणि लिव्हर असलेल्या यंत्रणेचे पेटंट घेतले. लिव्हर खाली ओढला की स्प्रिंग दाबली जाते आणि गरम पाणी कॉफीच्या वर येते. लिव्हर सोडला की स्प्रिंग दट्ट्याला खाली रेटते आणि सुमारे आठ-नऊ बार दाबाने पाणी पुडीतून जाते. दाब स्प्रिंगमधून येत असल्याने त्यासाठी पाणी उकळत ठेवण्याची गरज उरली नाही. या दाबामुळे कपात वर तपकिरी-सोनेरी फेसाचा थर आला. तोच ‘क्रेमा’.

यश कसे मिळाले?

१९४८ मध्ये गाज्जा यांची कंपनी उभी राहिली. आधी ग्राहकांना हा फेस कसला, अशी शंका येई. त्यामुळे हा कॉफीचाच नैसर्गिक थर असून यंत्र वाफेविना चालते, असे यंत्रावरच लिहिले जाई. सुरुवातीचे उत्पादन एर्नेस्तो व्हॅलेंते यांच्या ‘फाएमा’ कंपनीच्या मदतीने झाले. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले आणि ते प्रतिस्पर्धी बनले. १९५३ मध्ये लंडनच्या सोहो भागात ‘मोका बार’ सुरू झाला, तेथेही गाज्जाचेच यंत्र होते. त्याच दशकात ‘गिल्डा’ या लहान यंत्रातून लिव्हरची एस्प्रेसो घरातही पोहोचली.

अर्धे कोडे कोणते राहिले?

दाब सुटला, तापमान मात्र पुरते हाती आले नाही. लागोपाठ कप काढले की लिव्हर यंत्राचा धातू तापत जाई आणि चव बदले. ती सांभाळणे कॉफी करणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून होते. १९६१ मध्ये फाएमाच्या ‘ई६१’ यंत्राने विजेचा पंप वापरला आणि कॉफी काढण्याच्या भागात गरम पाणी सतत फिरते ठेवून तापमान बऱ्यापैकी स्थिर केले. त्याच वर्षी गाज्जा यांचे निधन झाले.

आज यंत्र घेताना याचा उपयोग काय?

एस्प्रेसोसाठी पाणी साधारण ९० ते ९६ अंश सेल्सिअस असावे लागते. कमी पडले तर कॉफी आंबट आणि पातळ लागते, जास्त झाले तर कडू. १९९१ मध्ये आलेल्या ‘गाज्जा क्लासिक’सारख्या यंत्रात साधा थर्मोस्टॅट असतो. तो हीटर चालू-बंद करतो, त्यामुळे पाणी अनेक अंशांनी वर-खाली होते. पीआयडी मात्र सेन्सरकडून सतत तापमान घेऊन हीटरला लागेल तेवढीच वीज देतो. म्हणूनच क्लासिकचे अनेक मालक तो नंतर बसवून घेतात. लेलिटच्या ‘अ‍ॅना’च्या काही मॉडेल्समध्ये किंवा ब्रेव्हिलच्या ‘बॅम्बिनो’मध्ये तो आधीपासून मिळतो.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

- पीआयडी असल्यास तापमान स्वतः बदलता येते का? हलक्या भाजणीला थोडे जास्त, गडद भाजणीला थोडे कमी तापमान चालते.
- खोक्यावरच्या ‘१५ बार’ला भुलू नये. ती पंपाची कमाल क्षमता असते. कॉफीला नऊच्या आसपास पुरतात.
- बजेटमध्ये चांगल्या ग्राइंडरचे पैसे आधी बाजूला ठेवावेत. दळण एकसारखे नसेल तर अचूक तापमानही चव वाचवू शकत नाही.
- पाणी जड असेल तर बॉयलरमध्ये क्षार साचतात. गाळलेले, कमी क्षारांचे पाणी वापरावे.
- बाहेरून पीआयडी बसवल्यास वॉरंटी राहते का, हे विक्रेत्याला आधी विचारावे.

दिवसाला एक-दोनच कप होत असतील आणि बजेट तोकडे असेल, तर साधे यंत्रही चालते. थोडे पाणी सोडून हीटर सुरू होऊ द्यायचा आणि दिवा दर वेळी सारखाच संकेत देईल तेव्हाच कॉफी काढायची. रोज पाहुणे, अनेक कप आणि वेगवेगळ्या भाजणीच्या बिया असतील, तर पीआयडीवरचा जादा खर्च वसूल होतो.