दातांच्या किटणातील जग

सूक्ष्मजीवशास्त्राचे जनक म्हणून गौरविले गेलेले अँटनी व्हॅन लेव्हेनहूक पेशाने कापडाचे व्यापारी. २४ ऑक्टोबर १६३२ रोजी हॉलंडमधील डेल्फ्ट येथे त्यांचा जन्म झाला. विद्यापीठाचे शिक्षण नाही, डचखेरीज अन्य भाषा अवगत नाही. तरीही स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगांतून दिसलेले जग ते १६७३ पासून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रांद्वारे कळवीत राहिले. १६८० मध्ये सोसायटीने त्यांना सदस्यत्व बहाल केले.

रोज मिठाने दात घासूनही फटींत पांढरे किटण उरते, हे त्यांना खटकत असे. १६८३ मध्ये त्यांनी ते पाण्यात कालवून पाहिले. त्यात असंख्य जीव वळवळत होते. व्हिनेगर मिसळताच ते मेले. मात्र व्हिनेगरने चूळ भरल्यावरही दाढांवरच्या किटणात जीव जिवंतच आढळले. व्हिनेगर थराच्या आत पोहोचत नाही, हा त्यांचा निष्कर्ष अचूक होता. जिवाणू अंगावरील केसासारख्या तंतूंनी आणि प्रथिनांनी पृष्ठभागाला चिकटतात, मग स्वतःभोवती चिकट आवरण रचतात. हेच ‘बायोफिल्म’. मूत्रनलिका, कृत्रिम सांधे यांवरील चिवट जंतुसंसर्गाचे मूळही त्यातच आहे.

उत्तम भिंगांचे तंत्र मात्र त्यांनी कोणालाच सांगितले नाही, ही विज्ञानाची मोठीच हानी. २६ ऑगस्ट १७२३ रोजी नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. सोसायटीला त्यांनी दिलेले २६ सूक्ष्मदर्शकही पुढे गहाळ झाले.